मंडळाची शिल्लक बॅटनच्या संशोधनाला द्यायची, पण नेमकी कुठे?

ठाण्यात नौपाडा घ्या, कळवा घ्या, नाहीतर घोडबंदर रोड. गणपती उरकून हिशेब लागला आणि चार-पाच लाख शिल्लक निघाले की "यंदा काहीतरी वेगळं करू या" असं कुणीतरी म्हणतंच. आमच्या बैठकीत या वेळी बॅटन या लहान मुलांच्या मेंदूच्या दुर्मीळ आजाराचा विषय निघाला. त्यातला सीएलएन२ हा प्रकार आनुवंशिक आहे. आईवडील दोघंही सदोष जनुकाचे वाहक असले तर दर गरोदरपणात चारात एक धोका असतो. दोन-तीन वर्षांपर्यंत मूल ठीक असतं. मग बोलणं अडखळतं, फिट्स येतात, चालणं जातं, शेवटी दृष्टीही जाते.

मुलाच्या उपचाराला थेट पैसे द्यावेत, याकडे सगळ्यांचा कल असतो. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला संशोधन म्हणू नका. सर्लिपोनेज अल्फा हे औषध २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते दर पंधरवड्याला थेट मेंदूतल्या पोकळीत सोडावं लागतं आणि तिथली छापील किंमत तेव्हा वर्षाला सुमारे सात लाख डॉलर होती. आपल्या पाच लाख रुपयांत एक डोससुद्धा येत नाही. केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणातून ठरावीक आजारांना ५० लाखांपर्यंत मदत मिळते, त्यासाठी परळच्या केईएम रुग्णालयासारखं सरकारने नेमलेलं उत्कृष्टता केंद्र गाठावं लागतं. फिजिओथेरपी, फिट्सची औषधं, टॅक्सीभाडं यांना मात्र आपले पैसे चांगलेच पुरतात.

प्रयोगशाळेला द्यायचं म्हटलं, तर पीएचडी करणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोचं विद्यावेतन २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. म्हणजे पाच लाखांत एका माणसाचं वर्ष निघालं तरी पुष्कळ, रसायनांचा खर्च वेगळाच. वर्षभराने आपण हात वर केले तर त्या पोराची पीएचडी लटकणार. हे काम रबाळे-महापेच्या एखाद्या मोठ्या कंपनीने करावं. सरकारी संशोधन संस्थांना दिलेला पैसा सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरता येतो आणि कंपनी सलग काही वर्षं देऊ शकते.

परदेशी संस्थेचा विचार सोडाच. रिझर्व्ह बँकेची पैसे बाहेर पाठवायची उदार योजना व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही.

माझं मत रुग्णांच्या रजिस्ट्रीला, म्हणजे कुठलं मूल कधी कसं आहे याच्या वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदीला. बैठकीत हे नाव काढलं की चेहरे पडतात, कारण फीत कापायला काही नसतं. पण वरचं औषध मंजूर झालं ते कशावर? चाचणीच्या निकालात औषध मिळालेली २३ मुलं धरली होती. औषधाविना ठेवलेला दुसरा गट नव्हताच, तुलना झाली ती आधी नोंदवून ठेवलेल्या, उपचार न मिळालेल्या ४२ मुलांशी. मोजमाप साधं होतं: चालण्याला ३ गुण, बोलण्याला ३ गुण. नीट चालतं तर ३, डगमगत पण स्वतः चालतं तर २, आधार लागतो तर १, उठताच येत नाही तर ०. उपचार न मिळालेल्या मुलांचे ४८ आठवड्यांत सरासरी २.१२ गुण गेले, औषध मिळालेल्यांचे ०.२७. कुणीतरी वर्षानुवर्षं हे तक्ते भरले नसते, तर त्या २३ मुलांची घसरण मंदावली म्हणायची कशाच्या तुलनेत?

आणि इथे आपली रक्कम खरंच कामाला येते. अर्धवेळ समन्वयकाचा पगार, जळगावहून तपासणीला येणाऱ्या कुटुंबाचं तिकीट, वाळवलेल्या रक्ताचं कार्ड कुरिअरने पाठवायचा खर्च (या आजारात कमी पडणाऱ्या एन्झाइमची प्राथमिक तपासणी त्यावर होते). अर्थात रजिस्ट्री मरतेही पटकन. समन्वयक सोडून गेला की उरते ती धूळ खाणारी एक्सेल फाइल. म्हणून चेक लिहिण्याआधी विचारा: एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, दर सहा महिन्यांनी फोन कोण करतं, संस्था ओव्हरहेड म्हणून, म्हणजे स्वतःच्या कारभाराच्या खर्चापोटी, किती कापते, आणि माहिती इतर देशांतल्या नोंदींशी जुळेल अशाच गुणपद्धतीने भरतात का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर चहा पिऊन उठा.

पाच लाख असतील तर मी चार रजिस्ट्रीला देईन, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता पहिल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, हातात आल्यावरच. उरलेला एक लाख एखाद्या मुलाच्या फिजिओ आणि प्रवासाला. ठरावात दोन्ही बाबी वेगळ्या लिहा, आणि मंडळाच्या घटनेत वैद्यकीय मदतीचं कलम आहे का ते आधी बघा, नाहीतर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देताना खजिनदाराची तारांबळ उडते.