गुग्गुळ : सात महिन्यांनंतर

गुडघ्यासाठी गुग्गुळ, म्हणजे आयुर्वेदात औषध म्हणून वापरतात तो झाडाचा डिंक, सुरू केला त्याला सात महिने झाले. आधी जमेची बाजू. सकाळी उठताना गुडघा धरायचा, ते तिसऱ्या महिन्यापासून कमी झालं. त्यात गोळीचा वाटा किती आणि मांडीच्या व्यायामाचा किती, देव जाणे.

पहिले तीन आठवडे मात्र मी गोळी घेतच नव्हतो. ओळखीतून मिळालेले कच्चे खडे कुटून घेत होतो. ते इतके चिकट की बत्ता उचलला की खलही वर यायचा. दुसऱ्या आठवड्यात पोट बिघडलं, तिसऱ्यात दोन्ही दंडांवर लाल, खाजरं पुरळ. वैद्यांचा पहिलाच प्रश्न : "शोधलेला होता का?" शोधन म्हणजे हा डिंक त्रिफळ्याच्या काढ्यात उकळून विरघळवायचा, गाळून माती-काड्या काढायच्या आणि मग आटवायचा. मी ही पायरीच गाळली होती.

पुरळ गेल्यावर वैद्यांच्या देखरेखीखाली योगराज गुग्गुळ, म्हणजे शोधित गुग्गुळात इतर औषधी मिसळून केलेली गोळी, सुरू केला. पोट शांत राहिलं. पुरळ पुन्हा थोडं उठलं, मात्रा निम्मी केल्यावर ओसरलं. म्हणजे शोधन केलं तरी ॲलर्जी चुकत नाही.

खरा घोळ पुढेच. अर्धशिशीसाठी मी प्रोप्रॅनोलॉल घेतो. चौथ्या महिन्यात डोकेदुखी परत जोर धरू लागली. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या, तेव्हा कळलं : गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम (रक्तदाबाचं एक औषध) यांचं रक्तातलं प्रमाण घटतं. सहा वर्षं एकच गोळी घेतोय, आणि "आयुर्वेदिकच तर आहे" म्हणून हे सांगायचं सुचलंही नव्हतं!

कोलेस्टेरॉल उतरेल ही आशाही फोल ठरली. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२८ वरून १३४. अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल घटण्याऐवजी चार-पाच टक्के वाढलं होतं. काहींना पुरळही उठलं होतं. वाचून जरा हायसं वाटलं, माझंच शरीर विचित्र नाही तर.

एकदा दुकानातून योगराजऐवजी महायोगराजची डबी हातात पडली. "महा" म्हणजे जास्त जोरदार, एवढाच माझा समज. घरी घटक वाचले तर नाग भस्म आणि रससिंदूर, म्हणजे शिसं आणि पारा. डबी तशीच परत केली.

सध्या महिनाभर गुग्गुळ बंद आहे. डोकेदुखीचे दिवस आठवड्याला तीनवरून एकावर आलेत. गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना नाही.