पोलादपूरजवळचे गॅरेज : ऐन गणपतीतला अनुभव

तळोज्याच्या कारखान्यातील दुसरी पाळी संपवून गणपतीसाठी राजापूरला निघालो असता, मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूरच्या अलीकडे बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला. गाडी तिथेच बंद केली हे बरे झाले. कारण ज्या बेल्टवर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) फिरतो, त्याच बेल्टवर माझ्या गाडीतील पाण्याचा पंपही चालतो, आणि बेल्ट तुटल्यावर तशीच हाकली असती तर इंजिनाचे हेड, म्हणजे त्याचा वरचा भाग, तापून वाकण्याची भीती होती.

रस्त्यालगतच्या या लहानशा गॅरेजच्या मालकांनी पहाटे पाच वाजता शटर उघडले. केवळ बेल्ट बदलून ते मोकळे झाले नाहीत; टेन्शनर पुलीचे (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचे) बेअरिंग जाम झाल्याचे त्यांनी मला हाताने फिरवून दाखवले आणि महाडहून नवी पुली येईपर्यंत थांबण्याचा आग्रह धरला. घरी आई प्राणप्रतिष्ठेसाठी खोळंबली होती, त्यामुळे ते चार तास फार जड गेले. परंतु जुन्या पुलीवर नवा बेल्टही कशेडी घाटात टिकला नसता, हे मला पटले. सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेले बिल मिळाले, जुने भागही त्यांनी न मागता परत दिले.

पावसात बसायला आडोसा नाही आणि स्वच्छतागृहही नाही, त्यामुळे मुलाबाळांसह प्रवास करणाऱ्यांची येथे अडचण होईल. कामाबाबत मात्र मी पूर्ण समाधानी आहे. सायंकाळच्या आरतीला मी घरी होतो.