आमच्या गल्लीतली पिवळी कचरागाडी: पाचपैकी पाच

इंदूरच्या लोकमान्य नगरात माझी घरगुती मेस आहे, रोज चाळीस डबे जातात. म्हणजे रोजची कांद्या-बटाट्याची सालं, कोथिंबिरीची देठं, दुधाच्या दहा-बारा पिशव्या, तेलाची पाकिटं आणि परत आलेल्या डब्यांतलं उष्टं. इंदूरच्या कचरागाडीशी माझा जितका संबंध येतो तितका गल्लीत क्वचितच कुणाचा येत असेल.

गाडी सकाळी पावणेआठच्या सुमाराला गाणं वाजवत येते. पाठीमागे सहा खण: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, औषधं-रंगाचे डबे असला घातक कचरा, आणि ई-कचरा. सुरुवातीच्या दिवसांत मी घाईघाईत एकच पिशवी पुढे केली होती, तर गाडीवरच्या दादांनी ती परत माझ्या हातात दिली. "काकूजी, गीला-सूखा अलग करके दो, मिक्स नहीं चलेगा." चारचौघांत फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून ओट्याखाली दोन बादल्या आल्या, त्या आजही आहेत.

त्याआधी कोपऱ्यावर लोखंडी पेटी असायची. आत कमी, बाहेर जास्त, आणि भोवती गाई-कुत्री. 2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे केंद्र सरकारच्या शहर-स्वच्छतेच्या क्रमवारीत, इंदूर 25 वं होतं. मग दोन वॉर्डांत घरोघरी गाडीचा प्रयोग झाला, पुढे सगळ्या 85 वॉर्डांत गाड्या फिरू लागल्या, पेट्या उचलल्या गेल्या. 2017 ला पहिला नंबर आला तो सलग सात वेळा राहिला, 2023 चा तेवढा सुरतेबरोबर वाटून.

माझी नणंद दुसऱ्या शहरात राहते. तिचं म्हणणं, सक्ती कशाला, लोकांना समजावून सांगावं. तिच्या सोसायटीत 'कृपया कचरा वेगळा करा' अशी पाटी आहे. चार दिवस राहून आले, पाटीखालच्या ड्रममध्ये डायपर, भात आणि फुटकी काच एकत्र पडलेली पाहिली. तिथली माणसं वाईट नाहीत. पण वेगळं करून द्यायचं कुणाला? उचलणारा सगळं एकाच ट्रॉलीत ओततो.

स्वखुशीचं रिसायकलिंग आपल्याकडे कधीच बंद नव्हतं. सासूबाई दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या, रद्दी आणि बाटल्यांसाठी अटालेवाल्याची, म्हणजे भंगारवाल्याची, वाट पाहायच्या, कारण त्याचे पैसे मिळायचे. ज्याला भाव आहे ते आपोआप परत जातं. उष्ट्या भाताला, सॅनिटरी पॅडला, संपलेल्या सेलला भाव कोण देणार? सक्ती लागते ती नेमकी इथे. देशभरासाठी 2016 च्या घनकचरा नियमांनी घराघरात कचरा वेगळा करणं बंधनकारक केलंच होतं. कागदावरचा तो नियम माझ्या दारात आला तो या गाडीबरोबर. रोज वेळेवर येते म्हणून मिश्र पिशवी नाकारायचा तिला अधिकार आहे, असं मी मानते. आठवड्यातून दोनदा उगवणाऱ्या गाडीने दंडाची भाषा केली असती तर मीच भांडले असते.

आणि वेगळा केलेला कचरा पुढे वेगळाच राहतो, याचं मला फार समाधान आहे. ओला जातो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला. 19 फेब्रुवारी 2022 ला त्याचं उद्घाटन झालं, तेव्हाची क्षमता दिवसाला 550 टन, त्यातून 17,000 किलोपर्यंत गॅस. बंद टाक्यांत हवा न लागू देता जिवाणू अन्न कुजवतात, मिथेन निघतो, तो शुद्ध करून शहराच्या बसगाड्यांतही भरतात, उरतं त्याचं खत. त्या टाकीत माझी दुधाची पिशवी गेली तर ती कुजणार नाही, नुसती अडकून बसेल. म्हणून पिशवीचा कापलेला कोपरासुद्धा मी प्लास्टिकसाठीच्या डब्यात टाकते. हाताखालच्या दोघी मुलींनाही पहिल्या दिवशी भाजी चिरण्याआधी हेच शिकवते.

तक्रार आहे, पण ती गाडीबद्दल नाही. शेव-चिप्सची चकचकीत पाकिटं, मसाल्यांचे सॅशे, यांत प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं महाग पडतं. मी कितीही धुऊन, पुसून दिली तरी त्यांचं पुन्हा पाकीट होणं अवघडच. प्लास्टिक पाकिटांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे सविस्तर नियम 2022 मध्ये आले. माझी पिशवी जशी दारात उघडून पाहतात तसाच त्यांचाही हिशोब कडक पाहिला जावा. माल खपवायचा त्यांनी आणि निस्तरायचं फक्त बाईने, हे मला मान्य नाही.

नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी: सॅनिटरीचं कागदात गुंडाळून वेगळं द्या, फुटकी काच उघडी देऊ नका, दादांचा हात कापतो. उन्हाळ्यात त्यांना पाणी विचारा. आमच्याकडे माठ दारातच असतो.