बँडकॅम्प: गाणी रोखीनं विकणारं दुकान

सोलापुरात माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, त्यामुळे कुठल्याही दुकानात शिरलो की आधी नजर जाते ती गल्ल्याकडे. बँडकॅम्प हे कलाकारांची गाणी थेट विकणारं इंटरनेटवरचं दुकान, आणि त्याचा हिशोब उघडा आहे. डिजिटल अल्बमवर कंपनीचा कट १५ टक्के, कॅसेट, रेकॉर्ड, टी-शर्टवर १०, वर पेमेंटचा खर्च. सगळं वजा जाता सरासरी ८२ टक्के कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला (गाणी काढणाऱ्या कंपनीला) पोचतात, असं कंपनी सांगते. २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ती आपला कटही सोडते. माझी खरेदी शक्यतो त्याच दिवशी.

पण खरी मजा शोधण्यात आहे. अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांचे बारके फोटो असतात. एकावर टिचकी मारली की त्या माणसानं घेतलेल्या अल्बमांचं अख्खं कपाट समोर. या वाटेवर 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणणारं यंत्र मध्ये येत नाही. ज्यानं पदरचे पैसे मोजले त्याची आवड दिसते. शेजारच्या गिऱ्हाइकानं काय उचललं ते बघूनच निम्मे लोक खरेदी करतात, हे मी रोज गल्ल्यावर बसून बघतो.

मुंबईच्या गटस्लिट या डेथ मेटल (गुरगुरत्या आवाजाचं कर्कश रॉक) बँडच्या पानावरून (घरात हेडफोन लावूनच ऐकायचं, हा सौ.चा हुकूम) असाच कुणा परदेशी माणसाच्या कपाटात शिरलो आणि निघालो थेट सहारात. साहेल साउंड्स नावाचं लेबल. माली-नायजरकडची पोरं मोबाइलच्या मेमरी कार्डावर, ब्लूटूथनं एकमेकांना गाणी द्यायची. ती जमवून यांनी संग्रह काढले. आपल्याकडेही स्टँडसमोर वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळायचंच की! फक्त गाणाऱ्याला त्यातला एक पैसा कधी मिळाला नाही.

त्याच लेबलवर ले फिय द इल्लिघादाद हा नायजरच्या एका खेड्यातल्या बायकांचा बँड सापडला. २०१६ चा पहिला अल्बम गावातच, उघड्यावर रेकॉर्ड केलेला. त्यांचं तेंदे हे वाद्य म्हणजे उखळाच्या तोंडावर ताणलेलं कातडं. जोडीला पाण्यात उपडा सोडलेला अर्धा भोपळा, त्यावर थाप. आमच्या पंढरपूरकडचे भोपळे मिरजेला सतारी-तंबोऱ्यांसाठी जातात. तो पाण्यात असा घुमतो हे मला ठाऊक नव्हतं. वर टाळ्या, आणि एकीनं ओळ टाकली की बाकीच्या उचलतात. शब्द एक कळत नाही, पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की हेच लावतो.

उणिवा आहेत. किंमती बहुतेक डॉलर-युरोत, त्यामुळे बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वर बसतं. एकेक गाणं घेण्यापेक्षा पूर्ण अल्बम परवडतो. मराठी गाणी शोधायला इथं येऊ नका, आपली बहुतेक मंडळी यूट्यूबवरच आहेत. आणि 'द्याल ती किंमत' लिहिलेल्या अल्बमवर पुष्कळदा शून्यही चालतं. गाणाऱ्यांना हे कसं परवडतं देव जाणे.

मालकीचंही बघून ठेवा. २००८ साली सुरू झालेलं हे दुकान २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेमच्या कंपनीनं घेतलं, पुढच्याच वर्षी साँगट्रेडर या संगीताचे परवाने विकणाऱ्या कंपनीला विकलं, आणि त्या व्यवहारात बँडकॅम्पच्या जवळपास निम्म्या लोकांची नोकरी गेली. म्हणून घेतलेलं गाणं नुसतं ॲपवर ऐकत बसू नका. फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवणारी) उतरवा आणि हार्ड डिस्कवर टाका.