चोवीस बाय चोवीसची ग्रो बॅग: अकरा महिन्यांनंतर (पट्ट्यांवर जरा जास्तच)

पिशवीचा पट्टा तुटला म्हणून लिहायला बसलेय, नाहीतर लिहिलं नसतं.

मागच्या मृगात गच्चीवर झाडं लावायला दोन ग्रो बॅग, म्हणजे माती भरायच्या मोठ्या पिशव्या, मागवल्या. कापड किती जाड (जीएसएम), ऊन किती सोसतं (यूव्ही) वगैरे सगळीकडे छापलेलं आहे, ते सोडते. चोवीस इंच रुंद, चोवीस इंच उंच पिशवी म्हणजे पावणेदोनशे लिटर. माती, शेणखत भरून पाणी दिलं की दोनशे किलोच्या पुढे. आणि असल्या पिशवीला कंपनीनं दोन पट्टे शिवलेत! एप्रिलात लिंबाची पिशवी पश्चिमेच्या कठड्यापासून जिन्याच्या सावलीत न्यायची होती, फार तर सहा फूट. खालचे काका वर आले नि म्हणाले, "काय करायलाव वहिनी, म्हैस हलवायलाव का?" तरी ह्यांनी आणि भाच्यानं दोन्हीकडून पट्टे धरले. टर्र. पट्टा भाच्याच्या हातात, पिशवी जागच्या जागी.

कंपनीला फोन केला तर म्हणे, "मॅडम, हँडल रिकामी बॅग उचलायला असतं." अहो, रिकामी पिशवी मी दोन बोटांनी उचलते! चार फोन, सहा फोटो, आणि शेवटी काय, पुढच्या खरेदीवर पन्नास रुपये सूट.

आता काय लावलं ते. भावाच्या शेतातली काळी माती फुकट होती, म्हणून पहिल्यांदा दोन्ही पिशव्या तिनंच भरल्या. फुकटचं महागात पडलं. दोन दिवस पाणी चुकलं की माती आकसते, पिशवीच्या कडेनं बोटभर फट पडते, आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली. गच्ची ओली, झाड कोरडं. सगळं उपसलं. आता काळी माती एक पाटी, शेणखत एक पाटी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक पाटी. वर सोयाबीनचं भुसकट चार बोटं. भुसकट फुकटच, पण हे फुकट कामाला आलं.

एका पिशवीत भेंडी लावली, परभणी क्रांती. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाची, केवड्याला (पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला) दाद न देणारी म्हणून नाव असलेली. केवडा आला नाही, खरं आहे. पण चार झाडं, एका वेळी नऊ भेंड्या. चौघांच्या घरात नऊ भेंड्यांचं काय करायचं? तीन दिवस फ्रिजमध्ये साठवायच्या, तोवर पहिल्या दिवशीच्या निबर. दिवाळीनंतर टोमॅटो. थंडीत झकास आले. होळीनंतर पारा पस्तिशी ओलांडायला लागला तशी फुलं गळून पडली. कडेनं मेथी टाकली होती, तो तर शुद्ध मूर्खपणा. वीतभर मातीत येणाऱ्या मेथीसाठी दोन फूट खोल पिशवी!

दुसऱ्या पिशवीत कागदी लिंबाचं कलम. सप्टेंबरात पानांवर चिमणीची विष्ठा दिसायची. पुसायला गेले तर ती हलली! फुलपाखराची अळी. रोज सकाळी चिमट्यानं वेचल्या. मग मार्चात पानांची टोकं करपायला लागली. मला वाटलं ऊन. पण पिशवीच्या काठावर पांढरा थर धरलेला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: आरओचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी मी काटकसरीनं लिंबाला घालत होते. त्या पाण्यात क्षार जास्त आणि लिंबाला क्षार अजिबात खपत नाहीत. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे लातूर. बादलीभर पाणी मोरीत सोडायचं म्हटलं तर हात धजत नाही.

म्हणून टोमॅटो उपटून तिथं गवार टाकली. गवार क्षारही सोसते, ऊनही. आरओचं पाणी तिला, नळाचं गोडं पाणी लिंबाला. नळ आठवड्यातून एकदा येतो, म्हणून साठवलेल्यातली रोज अर्धी बादली लिंबाची ठरलेली. आता कुणी "मोठ्या पिशवीत काय लावू" विचारलं तर मी आधी "पाणी कुठलं घालणार" विचारते.

हे लिहून आठ दिवस झाले, थोडी दुरुस्ती. गंजगोलाईच्या बाजाराकडे ताडपत्र्या शिवणारे एक मामा आहेत, तुटलेला पट्टा घेऊन त्यांच्याकडे गेले. पट्टा उलटसुलट करून म्हणाले, "कापड चांगलंय ताई, दोराच हलका वापरलाय." दुसऱ्या दिवशी जिना चढून वर आले, दाभणानं नायलॉनच्या दोऱ्याचे टाके घातले, चाळीस रुपये घेतले. मीही मग पिशवी नीट बघितली. अकरा महिन्यांचं ऊन खाऊन कुठं चीर नाही, रंग तेवढा विटलाय. म्हणजे पिशवी चांगली. पट्टे बिनकामाचे, हे मत कायम. त्यापेक्षा पाणी निथळायला खाली दोन भोकं जास्त द्या.

लिंबाची पिशवी अजून कठड्यापाशीच आहे. जुनं लुगडं बांधून सावली केलीय, नवी पालवी फुटलीय, सहा लिंबं धरलीत. लुगड्याचं एक टोक मामांनी शिवलेल्या पट्ट्यालाच बांधलंय. पन्नास रुपयांची सूट तशीच पडून आहे. मेथीसाठी फळवाल्याकडून दोन क्रेट आणली, वीस-वीस रुपयांना.