कॅमेरावाला हमिंगबर्ड फीडर: कॅमेऱ्याला चार तारे, वॉशरला शून्य

सरळ मुद्द्यावर येतो. हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यांना साखरपाणी पाजणाऱ्या या फीडरमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग कॅमेरा नाही, सोलर पट्टी नाही आणि पक्षी ओळखणारं एआय तर नाहीच नाही. बाटली आणि खालच्या तबकडीच्या मध्ये बसणारा रबरी वॉशर, तो महत्त्वाचा. तोच मागच्या आठवड्यात फाटला, म्हणून हा रिव्ह्यू.

आम्ही फ्रीमाँटला राहतो, कॅलिफोर्निया. इथे अॅनाज जातीचे हमिंगबर्ड बारा महिने असतात, त्यामुळे फीडर हिवाळ्यातही उतरवता येत नाही. किंमत, मेगापिक्सेल वगैरे सगळं बॉक्सवर आहे, ते उगाळत बसत नाही. बॉक्सवर जे नाही ते सांगतो.

बाटली उलटी लटकते. दुपारी ऊन तापलं की बाटलीतली हवा प्रसरण पावते आणि साखरपाणी खाली ढकलते. वॉशर घट्ट असेल तर ठीक, नाहीतर टपटप सुरू. खाली डेकवर चिकट डाग, डागावर मुंग्यांची रांग, रांगेच्या वर गांधीलमाश्या. तबकडीवरची प्लॅस्टिकची फुलं कुणा शहाण्याने पिवळी केली आहेत. पिवळ्या रंगावर माश्या येतात हे इथल्या कुठल्याही साध्या फीडरवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

आता धुण्याचं. साखरपाणी उन्हाळ्यात फार तर दोन दिवस टिकतं, मग आंबतं. म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा सगळं सोडवून धुणं आलं. वॉशर एका खाचेत बसतो आणि त्या खाचेत काळी बुरशी धरते. ब्रश तिथे पोचत नाही, टूथपिकने कोरून काढावी लागते. तबकडी पूर्ण उघडता येत नाही, कारण कॅमेऱ्याची वायर तिच्यातून नेऊन चिकटवून टाकली आहे. डिशवॉशरला मनाई. बुरशी धरलेलं पाणी पक्ष्याला घातक, त्यामुळे 'चालतंय तोवर चालवू' हा आपला नेहमीचा उपाय इथे चालत नाही.

वॉशर फाटल्यावर सर्व्हिसला मेल टाकला. त्यांना गळतीचा व्हिडिओ हवा होता. पाठवला. मग खरेदीची पावती. पाठवली. मग उत्तर: वॉशर हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही, सुटा मिळत नाही, नवी तबकडी तीस डॉलरला घ्या, शिपिंग वेगळं. आई सध्या इथे आलेली आहे. ती म्हणाली, "अरे, कुकरची रिंगसुद्धा सुटी मिळते की." हेच वाक्य इंग्रजीत करून मेलमध्ये लिहिलं. त्याला उत्तर नाही.

(आईचा दुसरा सल्ला साखरेऐवजी गूळ घालायचा होता. तो मात्र मानू नका. गूळ, ब्राउन शुगर यांत लोह असतं, ते हमिंगबर्डना सोसत नाही. मधही नको, तो पाण्यात लवकर आंबतो. साधी पांढरी साखर एक वाटी, पाणी चार वाट्या, बास. लाल रंगाची गरज नाही.)

एआय सबस्क्रिप्शनबद्दल. दर महिन्याला पैसे घेऊन ते मला दिवसभर कळवत असे: "नवा पाहुणा! अॅनाज हमिंगबर्ड!" तोच नर, तेच लिंबाचं झाड, सकाळपासून विसाव्यांदा तरी. वसंतात अॅलन्स आणि रूफस येऊन जातात, तेव्हा तरी उपयोग होईल म्हणून चालू ठेवलं. पण या दोन जातींच्या माद्या फोटोवरून वेगळ्या सांगणं मुरलेल्या पक्षीनिरीक्षकांनाही जड जातं. अॅप मात्र छातीठोकपणे सांगत होतं, आणि त्याच पक्ष्याला दुपारी दुसरं नाव देत होतं. बंद केलं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि कॅमेऱ्यालाही दोनच तारे दिले होते. ते आता बदलतो.

तक्रार अशी होती की नराचा गळा प्रत्येक क्लिपमध्ये काळा दिसायचा. तो रंग पिसातल्या रंगद्रव्याचा नाही, पिसाच्या रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन दिसतो. कोन चुकला की काळाकुट्ट. पुस्तिकेत सोलर पट्टी दक्षिणेला करा एवढंच आहे, कॅमेऱ्याच्या दिशेबद्दल अवाक्षर नाही. मी पट्टी वायरने वेगळी टांगली आणि फीडर असा फिरवला की सकाळचं ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून थेट पक्ष्याच्या तोंडावर पडेल. दुसऱ्या दिवशीची क्लिप: गळा आणि डोकं पेटल्यासारखं गुलाबी, चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंब, कपाळावर कुठल्यातरी फुलाचे पिवळे परागकण. ते परागकण डोळ्यांनी कधीच दिसले नसते. चार तारे. सेन्सर अजूनही सेकंदभर उशिरा जागा होतो, म्हणून पाचवा नाही.

पंख स्थिर हवे असतील तर मात्र हा कॅमेरा विसरा. सेकंदाला चाळीसच्या वर फडफड असते, त्याला साधा कॅमेरा, लांब लेन्स आणि निदान 1/3200 सेकंदाचा शटर लागतो. पक्ष्याच्या मागे लेन्स फिरवू नका. नराची एक ठरलेली वाळकी काटकी असते, तिथे बसून तो फीडर राखतो आणि दुसऱ्याला हुसकावून परत तिथेच येतो. तिच्यावर फोकस लावून चहा प्यायचा. सगळ्यांना खाऊ द्यायचं असेल तर त्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात दुसरा फीडर टांगा.

तो दुसरा फीडर मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणला. बशीसारखा, लाल झाकणाचा, बारा डॉलर. पाणी खालच्या बशीत असतं, त्यामुळे गळायला काही नाहीच. झाकण उचललं की दोन मिनिटांत धुऊन होतो. त्याच दुकानात खाद्यपदार्थांना चालणारी सिलिकॉनची रिंगही मिळाली. महागड्या बाटलीला ती थोडी जाड होते, पण जोर लावून बसते आणि गळती जवळजवळ थांबली आहे.

तिकडच्या मंडळींसाठी: व्हॉट्सअॅपवर 'आमच्या जास्वंदीवरही येतो' म्हणून जे फोटो येतात ते शिंजीर आहेत. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाहीत, तेव्हा हा फीडर पुण्याला नेऊ नका.

घ्यायचाच असेल तर बशीचा फीडर घ्या आणि समोर कुठलाही वेगळा, हवामान सोसणारा कॅमेरा लावा. माझ्याची परत करायची मुदत संपली आहे. कुणाला जुन्या बॉक्ससकट हवा असेल तर निम्म्या किमतीत देईन, सिलिकॉनची रिंग त्यात धरलेली नाही.