सर्कशीतला हत्ती: अंकुशावर बंदी, प्रवासावर बंदी, की सरकारनेच विकत घ्यायचा?

आपल्याला अंकुश माहीत असतो तो गणपतीच्या हातातला. खरा अंकुश मी एकदाच जवळून पाहिला, लहानपणी मिरजेत, सर्कशीच्या तंबूमागे. दोन-अडीच फुटांची काठी, टोकाला लोखंडी अणकुची आणि तिच्याच बाजूला वळलेला आकडा. माहुताने ती काखेत धरली होती आणि तो बिडी ओढत आमच्याशी गप्पा मारत होता. आम्ही होतो तेवढ्या वेळात त्याने हत्तीला एकदाही हात लावला नाही. फक्त मध्येच काठी डाव्या काखेतून उजव्या काखेत घेतली, आणि हत्ती एक पाऊल मागे सरला.

त्या एका पावलामुळेच सर्कशीतल्या हत्तींवरचे कायदे करताना सगळ्यांची दमछाक होते. हत्तीच्या अंगावर जखम दिसत नाही, पण भीती तर आहे. मग बंदी कशावर घालायची? काठीवर, तंबूवर, की मालकीवर? नांदणीच्या मठातल्या माधुरी हत्तिणीच्या वादापासून आपल्याकडेही प्रत्येकाला बाजू विचारली जाते, आणि बहुतेक जण ‘बंदी हवी’ किंवा ‘बंदी नको’ म्हणून मोकळे होतात. पण बंदीचे प्रकार वेगळे आहेत आणि प्रत्येकातून हत्तीच्या वाट्याला येणारी दुसरी सकाळही वेगळी आहे. कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे ज्याचं अजून ठरत नाहीये, त्याच्यासाठी हा आढावा.

पहिला रस्ता: अंकुश काढून घ्या

हा अमेरिकेतल्या शहरांनी शोधला. लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने २०१३ मध्ये अंकुशबंदीच्या बाजूने कौल दिला, अंमल २०१७ पासून. ओकलंडने २०१४ मध्ये तेच केलं. ऱ्होड आयलंड २०१६ मध्ये अशी बंदी घालणारं पहिलं राज्य ठरलं आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने राज्यभर कायदा केला, जो १ जानेवारी २०१८ ला लागू झाला. त्याआधीच्या वर्षी तिथल्या गव्हर्नरांनी असंच विधेयक परत पाठवलं होतं. नवेनवे फौजदारी गुन्हे तयार करायला त्यांचा विरोध होता. मग शिक्षा दिवाणी दंड आणि परवाना जाणे एवढ्यावर आणली गेली आणि सही झाली.

त्या कायद्यातली वस्तूंची यादी वाचण्यासारखी आहे. अंकुशाबरोबर बेसबॉलची बॅट, कुऱ्हाडीचा दांडा आणि गवत उचलायचा काटेरी फावडादेखील! म्हणजे अंकुश काढून घेतला तर उद्या हातात काय येईल, हे मसुदा करणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं.

सर्कसवाल्यांचं म्हणणं काय? अंकुश हे मारायचं हत्यार नाही, ती दिशा दाखवायची खूण आहे; चार टनांच्या जनावराशेजारी रिकाम्या हाताने चालता येत नाही; त्यामुळे अंकुशबंदी म्हणजे हत्तीबंदीच. मला यातलं शेवटचं वाक्य पूर्ण पटतं, पहिलं पटत नाही. नुसती खूणच असती तर बांबूची कामटी पुरली असती, लोखंडी आकडा कशाला? दुसरी पद्धत अमेरिकेतली प्राणिसंग्रहालयं वापरतात. माणूस आणि हत्ती यांच्यामध्ये भक्कम गज असतात, हत्ती पाय गजाशी आणून ठेवतो, त्याला खाऊ मिळतो, नाही आणला तर माणूस निघून जातो. पण गजाआडून हत्ती शहराच्या रस्त्यावरून मिरवता येत नाही की रिंगणात स्टुलावर बसवता येत नाही.

या रस्त्याची खरी ताकद हीच. रिंगलिंग ब्रदर्स या अमेरिकेतल्या नामांकित सर्कशीने मार्च २०१५ मध्ये हत्तींचे खेळ थांबवायची घोषणा केली, तेव्हा गावोगावचे हे वेगवेगळे नियम हेच मोठं कारण होतं. चौदा वर्षं कोर्टात लढून, प्राणिप्रेमी संस्थांकडूनच तडजोडीत एकूण अडीच कोटी डॉलर वसूल करणारी ही कंपनी नगर परिषदांपुढे मात्र थकली. शेवटचा हत्तीखेळ १ मे २०१६ ला झाला. वर्षभरात, मे २०१७ मध्ये, सर्कसच बंद पडली, कारण हत्ती गेल्यावर तिकिटं पडली. २०२३ मध्ये ती परत आली, प्राण्यांशिवाय.

उणी बाजू म्हणजे तंबूमागे कोण पाहणार? काख बदलण्यावर दंड कसा लावणार?

दुसरा रस्ता: फिरवायला बंदी

इलिनॉयने २०१७ मध्ये कायदा करून फिरत्या खेळांत हत्ती वापरायलाच बंदी घातली, पाठोपाठ न्यूयॉर्कने. न्यू जर्सीने डिसेंबर २०१८ मध्ये सगळ्याच जंगली प्राण्यांना त्यात घेतलं. तिथे एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना हा कायदा एका आजारी हत्तिणीच्या नावाने, नोझीच्या नावाने, आठवत असेल.

इथे हेतू तपासावा लागत नाही. हत्ती मालगाडीत आहे की नाही एवढंच बघायचं. संधिवात झालेल्या पायांना सगळ्यात जास्त काय मारतं, तर तासन्‌तास साखळीत, कठीण तळावर उभं राहणं. कायदा नेमका तिथे बोट ठेवतो. मात्र एकाच जागी राहून खेळ करणारे यातून सुटू शकतात, आणि मालकाच्या गळ्यात आता न कमावणारा हत्ती उरतो. रिंगलिंगने एका हत्तीचा वर्षाचा खर्च पासष्ट हजार डॉलरच्या घरात सांगितला होता. त्यांच्याकडे फ्लोरिडात स्वतःचं मोठं केंद्र होतं म्हणून निभावलं. छोट्या सर्कशीने काय करावं?

आपली पद्धत: कागदावरून

भारतीय सर्कशीची सुरुवातच आपल्याकडची. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत खेळ लावला, आणि पुण्याच्या दामू धोत्र्यांनी पुढे त्याच रिंगलिंगमध्ये वाघ-सिंहांचे खेळ केले. म्हणून इथल्या बंदीचं दुःखही इथलं आहे.

१९९८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले; २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. हत्ती त्या यादीत नव्हता. त्यामुळे वाघ-सिंह गेले आणि पोस्टरवर हत्ती उरला. त्याचं प्रकरण पुढे वेगळ्याच दाराने मिटत गेलं. वन्यजीव कायद्यात सर्कस ही प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत येते, त्यामुळे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते आणि मान्यता काढली की प्राणी ठेवता येत नाहीत.

गाजावाजा न होता काम झालं, हे खरं. पण मान्यता काढणारा कागद हत्तीचा पुढचा पत्ता सांगत नाही. हत्ती विकायला बंदी, म्हणून तो ‘दानपत्रा’वर हातोहात फिरतो ही तक्रार जुनी आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने धार्मिक किंवा ‘इतर कोणत्याही’ कारणासाठी हस्तांतराला वाट ठेवल्यावर ती कमी व्हायचं कारण नाही. शिवाय माहुताचं नाव कुठल्याच कागदावर नाही. वीस-वीस वर्षं एकाच जनावराशेजारी झोपलेला माणूस एका सहीने बेकार होतो.

माधुरी सर्कशीतली नव्हे, मठातली. तरी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती जामनगरला गेली आणि कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर उतरला, तेव्हा चिघळलं ते याच जागी. न्यायालयाने तिच्या पायांचा विचार केला होता. गावाशी आधी कुणी बसून बोललं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं असं मला वाटतं.

चौथा रस्ता: पैसे मोजा

डेन्मार्कने २०१९ मध्ये देशातल्या सर्कशींतले शेवटचे चार हत्ती सरकारी खर्चाने विकत घेतले, एक कोटी दहा लाख क्रोनरना. महाग? हत्ती चारच होते. जिथे शेकडो असतील तिथे तिजोरी हात वर करेल. शिवाय छळणाऱ्यालाच बक्षीस द्यायचं का, हा आक्षेपही खोटा नाही.

तरी मला विचाराल तर, प्रवासबंदी आणि खरेदी एकाच कायद्यात घालावी, मुदत दोन-तीन वर्षांची द्यावी, आणि माहुताला हत्तीबरोबर नोकरीवर घ्यावं. अंकुशबंदी मी फक्त तिथे मागेन जिथे राज्य हलत नाही पण नगरपालिका हलू शकते. आणि फार थांबूही नये. इंग्लंडचा कायदा २०२० मध्ये लागू झाला तेव्हा तिथल्या सर्कशींत एकोणीस जंगली प्राणी उरले होते. रेनडिअर, झेब्रे, उंट वगैरे. हत्ती एकही नव्हता.

डेन्मार्कच्या त्या चौघींतल्या एकीचं नाव राम्बोलीन. सर्कशीत तिच्या सोबतीला दुसरी हत्तीण नव्हती, अली नावाचा एक उंट होता. खरेदीच्या वेळी सरकारने त्या उंटाचेही पैसे मोजले.